असेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. : मार्गदर्शक कसा निवडावा?

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात असेंद्रिय रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. माझ्या बहुतेक मैत्रिणींनी औषध कंपन्यांतील नोकऱ्यांचा विचार करून सेंद्रिय शाखा घेतली. मला मात्र पीएच.डी. करायची आहे. या शाखेत संधी आहेत का, आणि मार्गदर्शक कसा निवडावा?

उत्तर : संधी निश्चित आहेत. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना धातू व सेंद्रिय रेणू जोडून तयार होणाऱ्या सच्छिद्र जालरचनांसाठी मिळाले. त्या विषयाचा पाया तुम्ही शिकत असलेली को-ऑर्डिनेशन केमिस्ट्रीच, म्हणजे धातूच्या अणूभोवती इतर रेणू कसे जोडले जातात याचा अभ्यासच आहे. पुण्यात आयसर व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर काम चालते. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि गेट या दोन्ही परीक्षा द्याव्यात. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे घरच्यांवर भार पडत नाही.

मार्गदर्शकाची निवड मात्र मला परीक्षेपेक्षाही महत्त्वाची वाटते, आणि ती संस्थेच्या नावावरून करू नये. त्यांचे गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध काढा, त्यांत पहिले नाव असलेले विद्यार्थी आज कुठे आहेत आणि त्यांना पदवीसाठी किती वर्षे लागली, हे शोधा. मग जमल्यास प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहा. हवा लागताच बिघडणारी संयुगे हाताळण्यासाठी तिथे काचेची श्लेंक लाइन असते : एका नळीतून निर्वात, दुसरीतून आर्गॉन किंवा नायट्रोजन. स्फटिक वाढवताना बारीक नळीतल्या डायक्लोरोमिथेनच्या द्रावणावर सुईने थेंब थेंब हेक्झेन सोडतात आणि नळी आठवडा-दोन आठवडे जागची हलवत नाहीत. कुणी ती घाईने उचलून पाहिली, की दोन थर मिसळतात आणि स्फटिकांऐवजी बऱ्याचदा नुसती भुकटी हाती येते. माझ्या मते, अशी वाट पाहणे ज्याला मनापासून आवडते, तोच या शाखेत रमतो. तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे करून पाहता आले, तर अवश्य पाहा.

मार्गदर्शकांना पत्र लिहिताना त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून पडलेला खरा प्रश्न विचारा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. भेटीत तिथल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी सर नसताना बोला. स्फटिकातील अणूंची मांडणी दाखवणारे सिंगल क्रिस्टल एक्स-रेचे यंत्र संस्थेतच आहे का, आणि स्फटिक दिल्यावर मोजणीसाठी किती दिवस थांबावे लागते, हे त्यांना आवर्जून विचारा.