मुळांवरच्या गाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम एकत्रच चोळले. झाडे उपटली तर गाठी मोजक्याच. पाकीट खराब असेल का? (लातूर जिल्हा)

उत्तर : पाकिटाची मुदत तपासाच, पण खरी शंका क्रमाची आहे. रायझोबियम हा मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र (नायट्रोजन) पिकाला बांधून देणारा जिवंत जिवाणू. ओल्या रसायनात कालवला की बी मातीत पडण्याआधीच त्यातले बरेच मरतात. तांबेयुक्त बुरशीनाशक तर त्याला फारच घातक. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यांत शेवटी रायझोबियम, तेही पेरणीच्या दिवशीच.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, म्हणजे एकरी ३० किलोला तीन. पाव लिटर पाण्यात ३० ग्रॅम गूळ उकळा. द्रावण पूर्ण गार झाल्यावरच पावडर मिसळा. कोमट द्रावणातही जिवाणू दगावतात. गोणपाटावर बी पसरून हलक्या हाताने खालीवर करा. सोयाबीनचे साल पातळ असते. जोराने चोळले किंवा पाणी जास्त झाले की साल सुटते आणि उगवण घटते. सावलीत सुकवून लगेच पेरा. धूळपेरणीत (पावसाआधी कोरड्या मातीत पेरताना) हा खर्च वाया जातो, कारण तापलेल्या कोरड्या मातीत जिवाणू पावसाची वाट बघत टिकत नाहीत.

बियाणे आधीच रसायन लावून आलेले असेल तर २ किलो जिवाणू खत ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून एकरी ओल्या जमिनीत द्या.

दुकानात उन्हात ठेवलेले पाकीट घेऊ नका. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. उन्हात ते किती उरले हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न : गाठी आहेत, पण पीक पिवळे दिसते. युरिया टाकावा का? (वाशीम जिल्हा)

उत्तर : थांबा, आधी गाठ कापून बघा. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी वाफशावर (माती ना चिखल, ना कोरडी असताना) खुरप्याने मातीसकट झाड काढा आणि मुळे पाण्यात धुवा. झाड ओढून काढले की गाठी जमिनीतच राहतात आणि अंदाज चुकतो. गाठ आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर लागतोच. लेगहिमोग्लोबिन तो बेताबेताने पुरवते. पांढरी गाठ एक तर कोवळी असते किंवा निकामी. शेंगा भरताना गाठी हिरवट होणे मात्र नैसर्गिक आहे.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसणारी. तिथे युरियाने काही साधत नाही. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तरच नत्राचा संशय घ्या. शेतात पाणी साचले असेल तर पहिल्यांदा ते काढा, कारण हवा नसली की गाठी थंडावतात. पेरणीवेळी शिफारशीएवढे नत्र पुरे. त्यापुढे युरिया मिळत राहिला तर झाड गाठींना साखर पुरवणे कमी करते, आणि फुकट मिळणारे नत्र आपणच बंद पाडतो.

प्रश्न : सोयाबीनचे उरलेले पाकीट हरभऱ्याला चालेल का? (परभणी जिल्हा)

उत्तर : नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा. तूर, मूग, उडीद, भुईमूग आणि चवळी यांना मात्र एकाच गटाचे संवर्धक (जिवाणूंची पावडर) चालते.

प्रश्न : पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळे करणारे जिवाणू) वापरल्यावर सुपर फॉस्फेट बंद करता येईल का? (जालना जिल्हा)

उत्तर : पूर्ण बंद करू नका. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून चुन्याशी जखडलेले स्फुरद मोकळे करतात, नवे तयार करत नाहीत. जमिनीत साठा किती आहे हे माती परीक्षणातून कळेल. खतातली कपात त्यावरूनच ठरवा. शेणखत नसलेल्या रानात त्यांना खायलाच मिळत नाही, म्हणून पीएसबी नुसते न देता कुजलेल्या खतातून द्या.