कूलरखालचा गालिचा

प्रश्न : आजेसासऱ्यांनी घेतलेला लोकरीचा लाल गालिचा आमच्या बैठकीत आहे. मे महिन्यात कूलरचं पाणी गळून त्याचा एक कोपरा भिजला. त्याला कुबट वास येतो. दिवाणाखाली लव विरळ झाली आहे, तिथे बारीक पांढरे कणही दिसतात. घरीच धुवून टाकू का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, इतक्यात धुऊ नका. हे शहाणपण माझ्या पदरात फार महाग पडलंय. आईचा काश्मिरी गालिचा मी गच्चीवर कपड्याच्या साबणात भिजवला, वर मूठभर धुण्याचा सोडा. तासाभरात लाल रंग पांढऱ्या फुलांत उतरला. लोकर राठ झाली ती वेगळीच. पाहुणे अजून विचारतात, फुलं गुलाबीच होती का हो?

आधी ओल्या कोपऱ्याचं बघा. लोकर लबाड असते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पिऊनही ती हाताला ओली लागत नाही. त्यातून खालचा ताणा, म्हणजे उभे धागे, बहुधा सुती असतो आणि कुजतो तो सूतच. कोपऱ्याखाली विटा ठेवून दोन्ही बाजूंनी पंख्याचं वारं लागू द्या. सुकल्यावर मागची बाजू अगदी अलगद वाकवून कान द्या. कटकट वाजलं तर सूत कुजलंय, मग तुम्ही हात लावू नका. ते रफूगाराचं काम.

पांढरे कण म्हणजे कसर. उडणारा बारका पतंग काही खात नाही, लोकर खातात त्याच्या अळ्या. त्यांना अंधार हवा आणि कोणी न हलवलेली जागा. तुमचा दिवाण म्हणजे त्यांचा वाडाच! तिथे डांबराच्या गोळ्या टाकून उपयोग नाही, त्यांचा वास बंद पेटीतच काम करतो. दिवाण सरकवा. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश काढून दोन्ही बाजू ओढून घ्या, कडेच्या दशा मात्र वाचवा, त्या नळीत गुंततात. आतला कचरा लगेच घराबाहेर टाका. अंडी मागे राहतात, म्हणून दर पंधरवड्याला हेच, निदान दोन-तीन महिने.

दिवाळीला खराट्याने बडवायची आपली जुनी सवय सोडा. गालिचा जुन्या चादरीवर पालथा घालून दोन दिवस त्यावर चाला. मग उचलून बघा किती रेती पडते ती. हीच रेती लव मुळाशी कापते. ऊन द्यायचं तर पालथ्या बाजूला, सकाळी आठच्या आत. आपल्याकडचं दुपारचं ऊन रंग पिऊन टाकतं.

एवढं करूनही वास उरला, तर पांढरं सुती फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून, प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. मग तेच स्वेटरच्या सौम्य लिक्विडचे थेंब घातलेल्या पाण्याने. दोन्ही वेळा फडक्याला रंग लागला नाही तरच त्या लिक्विडचा नुसता फेस कोपऱ्यावर टिपा आणि गार पाण्याच्या फडक्याने तो पुसून घ्या. चोळू नका.

आणि हो, यातलं काहीही करायच्या आधी कूलरच्या टाकीचं बूच बदला.