पाचवीतल्या मुलासाठी इंटरनॅशनल स्कूल: एफडी मोडू का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. तुम्ही शिक्षिका, मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप, दोघांचं मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार येतात, घराचा हप्ता आणि आत्ताच्या शाळेची वर्षाची ७० हजार फी धरून सगळा खर्च वजा जाता २२ हजार उरतात. मुलगा यंदा पाचवीत जाणार, हायवेवरच्या इंटरनॅशनल स्कूलची फी वर्षाला पावणेतीन लाख आहे आणि तिथं स्विमिंग, हॉर्स रायडिंग, रोबोटिक्स, नाटक सगळं एकाच ठिकाणी मिळतंय म्हणून मिस्टर म्हणतायत की ९ लाखांची एफडी मोडू. माझं मत आधीच सांगतो, एफडीला हात लावू नका आणि यंदा शाळाही बदलू नका.

आता हिशोब बघा. फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते असं धरलं (बऱ्याच ठिकाणी वाढतेच) तर पाचवी, सहावी, सातवी मिळून ९ लाख १० हजार होतात, म्हणजे सातवी संपेपर्यंत एफडी साफ. आठवीला फी ३ लाख ६६ हजार, महिन्याला साडेतीस हजार, ती कुठून आणणार? बारावीपर्यंतची आठ वर्षं मोजली तर साडेएकतीस लाखांच्या आसपास जातात, आत्ताच्या शाळेला त्याच हिशोबानं ८ लाख लागतील. आणि हे फक्त फीचं झालं हं. तुम्ही पाठवलेल्या फी शीटच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'अ‍ॅक्टिव्हिटी चार्जेस अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल', ती मला सगळ्यात जास्त खटकली. गॅदरिंगचा ड्रेस, हाऊसचा टीशर्ट, मॅचला बाहेरगावी जायचा खर्च, ट्रिप, मॉडेल युनायटेड नेशन्सची (मुलांची लुटुपुटूची संयुक्त राष्ट्र परिषद) डेलिगेट फी, हे सगळं त्या ओळीत बसतं. बसचे ३६ हजार आणि वरखर्चाचे ४० हजार धरले तर पहिल्याच वर्षी महिन्याला २९ हजारांच्या वर जातात, आणि जुनी फी वाचली तरी तुमच्याकडे २७ हजार ८०० च राहतात. त्यात मिस्टरांचं उत्पन्न ऑर्डरवर, दोन महिने काम थंड पडलं की काय करायचं?

दुसरं म्हणजे त्या माहितीपत्रकातल्या सीएएसबद्दल तुम्ही खूप आशेनं लिहिलंय. क्रिएटिव्हिटी, अ‍ॅक्टिव्हिटी, सर्व्हिस ही चीज खरंच चांगली आहे, पण ती आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या डिप्लोमाचा भाग आहे, म्हणजे अकरावी-बारावीत साधारण १८ महिने चालते. तिला मार्क नसतात, पण ती पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. म्हणजे पाचवीपासून सहा वर्षं फी भरल्यावर ती सुरू होणार, तेही त्या शाळेला डिप्लोमा चालवायची मान्यता असेल तर. तेव्हा हे आधी विचारा.

आणि मुलाला काय आवडतं? फुटबॉल आणि तबला, हे तुम्हीच लिहिलंय. अहो, तुम्ही मंगळवार पेठेत राहता, फुटबॉलसाठी कोल्हापुरातून बाहेर कशाला जायचं! संध्याकाळी गांधी मैदानावर तो तालमीच्या (पेठेतल्या क्लबच्या) पोरांबरोबर खेळतो, शाळेची बस साडेपाचला घरी सोडणार असेल तर ते खेळणं पहिलं बंद पडेल, त्याची किंमत कुठल्याच फी शीटवर नसते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणणारा आपला कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. शाळा महागडी असली की खेळ पुढं जातो असं नाही, रोज सराव करून घेणारा कोच लागतो. म्हणून शाळेत जाऊन टाइमटेबल मागा, पाचवीच्या मुलाला आठवड्यात मैदानाचे तास किती, एका कोचमागं मुलं किती, स्विमिंग वर्षभर असतं का फक्त एक टर्म, घोड्यावर बसायला नंबर किती दिवसांनी येतो.

तुमची एक अडचण मात्र मला पटते. दोघंही कामावर, क्लासला ने-आण करायला कोणी नाही, सासूबाईंना आता जमत नाही. इंटरनॅशनल स्कूलमध्ये खरी सोय हीच, सगळं शाळेच्या वेळेत उरकतं. पण त्या सोयीसाठी वर्षाला दोन लाख जास्त फार होतात. महिना ५ हजार बाजूला काढा, फुटबॉल कोचिंग, तबल्याचा क्लास आणि ने-आण करणारा ओळखीचा रिक्षावाला यात जमवता येईल. राज्य मंडळाच्या शाळेत राहिला तर दहावीला खेळाचे आणि चित्रकला ग्रेड परीक्षेचे वाढीव गुणही मिळू शकतात.

उरलेल्या १७ हजारांतून १२ हजारांची एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात सुरू करा, १० टक्के परतावा धरला (गॅरंटी कसलीच नाही) तर आठ वर्षांत साडेसतरा लाखांच्या आसपास होतात, दहावीनंतर ते हळूहळू डेट फंडात (रोख्यांत पैसे ठेवणारा, कमी जोखमीचा फंड) हलवत न्या. बाकीचे ५ हजार सेव्हिंगला राहू देत. एफडीतले साडेतीन लाख धंदा मंद पडला तर हप्त्यासाठी म्हणून वेगळे ठेवा आणि मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो आधी घ्या.

ट्यूशन फीवर टॅक्समध्ये सूट (८०सी) मिळेल असं मिस्टर म्हणतात, ते फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, तेही बाकी सगळं धरून दीड लाखांपर्यंतच, बस आणि अ‍ॅक्टिव्हिटीचे पैसे त्यात येत नाहीत.

आठवीच्या आधी परत बसू. तेव्हा मिस्टरांचं काम स्थिर असेल, फी दर महिन्याच्या कमाईतून निघत असेल आणि मुलगा स्वतः म्हणत असेल तर मी हो म्हणेन. तोवर सीट बुक करायला म्हणून शाळेनं डिपॉझिट मागितलं तर रिफंडचे नियम लेखी हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका.