मुलगा यंदा अकरावीला गेलाय, त्याने सिगरेट सुरू करू नये म्हणून आम्ही काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा गावची शाळा संपवून आता म्हापशाला हायर सेकंडरीत जातो, त्याच्या ग्रुपमधली दोन पोरं ओढतात असं कानावर आलं आणि तेव्हापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही. मी पण त्याच वयात, म्हापशाच्या बसस्टँडजवळच सुरू केली होती, सतरा वर्षांचा होतो, सुटायला पुढची चौदा वर्षं गेली, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पहिली सिगरेट कोणी विकत घेत नाही हो, ती आयती हातात येते. क्लास सुटतो, गावच्या कदंबा बसला अजून पाऊण तास असतो, गाड्यावर सुटी सिगरेट मिळते, लायटर दोरीला बांधून लटकवलेलाच असतो, आणि चौघांतला एक जण अर्धी ओढलेली पुढे करतो, "एक मारून पळय रे" (मारून बघ रे). त्या दहा सेकंदांत काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून पोर घेतं, बिघडलेलं असतं म्हणून नाही. पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र असतं पण सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे? आणि पन्नाशीतल्या कॅन्सरची भीती सोळाव्या वर्षी वाटत नाही, मला तरी वाटली नव्हती.

म्हणून माझ्या मुलाच्या वेळी मी लेक्चर दिलं नाही. स्कूटरवर मागे बसलेला असताना विचारलं, कोणी पुढे केली तर काय बोलशील? (स्कूटरवर बरं पडतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.) आधी म्हणाला "नको म्हणेन", मी म्हटलं नुसतं नको चालत नाही, पोरं चिडवतात, कारण पाहिजे. मग त्यानेच ठरवलं, "नाका रे, सांजे मॅच आसा, मागीर दम लागता" (नको रे, संध्याकाळी मॅच आहे, मग दम लागतो). फुटबॉल खेळतो, त्यामुळे खोटंही नाही. तीन-चार वेळा बोलून घेतलं, आणि वर सांगितलं की सगळं माझ्यावर ढकल, बाबा वास घेतात म्हण, मला वाईट केलंस तरी चालेल.

घरात कोणी सोप्यावर बसून ओढत असेल तर मात्र त्यांनी आधी सोडायला पाहिजे, नाहीतर पोराला सांगायला तोंडच राहत नाही. वेपचंही बोला, फळांचा वास येतो म्हणून पोरांना ते निरुपद्रवी वाटतं, पण बहुतेकांत निकोटिन असतंच आणि 2019 पासून देशभर त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

गाड्याचं म्हणाल तर 2003 च्या कायद्याने 18 च्या खालच्यांना आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखूची काहीच वस्तू विकता येत नाही, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. आम्ही दोघं पालक गाडेवाल्याकडे जाऊन हेच शांतपणे बोललो, भांडलो नाही, त्यानंतर युनिफॉर्म दिसला की तो देईनासा झाला. तो पण बापमाणूसच ना.

आणि समजा वास आलाच, तर त्या दिवशी हात उगारू नका प्लीज. मला मार बसला होता, त्याने मी फक्त लपवायला शिकलो. कोणी दिली, कधी, किती वेळा, एवढंच विचारा. या वयात मेंदू घडत असतो, निकोटिन लवकर पकडतं, रोज ओढत नसला तरी सवय लागू शकते, त्यामुळे "एकदाच घेतली" म्हणून सोडूनही देऊ नका. 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, फुकट आहे, तुम्हीसुद्धा फोन करू शकता.

पण आज संध्याकाळी आधी एवढं करा, त्याला विचारा की क्लास किती वाजता सुटतो आणि बस कधी येते. मधला वेळ ग्राउंडवर, ट्यूशनला नाहीतर अथायडे लायब्ररीत कसा जाईल ते त्याच्याबरोबर बसूनच ठरवा.