पाऊस देव पाडतो की वाफ?

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आजी म्हणते, पाऊस देव पाडतो. बाबा म्हणतात, वाफेचे ढग होतात. आता ती विचारते, ‘खोटं कोण बोलतंय?’

उत्तर : कोणीच नाही. पाऊस कसा पडतो हा एक प्रश्न, आणि त्याबद्दल आभार कोणाचे मानायचे हा वेगळा. घोळ होतो तो पहिल्याला दुसऱ्याचं उत्तर दिलं की. ‘देव वर बसून नळ सोडतो’ असं ऐकलेलं मूल पुढे शाळेत जलचक्र शिकतं आणि नळाबरोबर देवालाही निकालात काढतं. आजींनी ‘देवाने पाऊस दिला’ खुशाल म्हणावं. कसा दिला, ते डोळ्यांसमोर दाखवावं.

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश गरम पाणी मोठ्यांनी ओतावं. उकळतं नको, काच तडकते. वर स्टीलची ताटली आणि तीत आठ-दहा बर्फाचे खडे. दहा-पंधरा मिनिटांत ताटलीच्या खालच्या अंगाला थेंब धरतात, एकमेकांत मिसळून जड झाले की टपकतात. नाहीच धरले, तर ताटली जाड चिनी मातीची असेल किंवा पाणी कोमट झालं असेल. मुलं हमखास म्हणतात, ‘बर्फच गळतोय.’ शंका रास्त आहे. शेजारी कोरड्या बरणीवर तशीच ताटली ठेवून दाखवा. दमट हवेत तिथेही थोडं दव धरेल, पण तेही हवेतल्याच वाफेचं.

बाबांचंही एक वाक्य दुरुस्त करायला हवं. वाफ दिसत नाही. ढगात दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब, खूप उंचावर बर्फाचे कण.

प्रश्न : मुलाने रोज प्रार्थना केली, तरी त्याने लावलेलं घेवड्याचं बी कुजलं. काय सांगू?

उत्तर : ‘मनापासून केली नसशील’ हे तर मुळीच नको. बी कुजलं ते बहुधा जास्त पाण्याने. कोंबाला हवाही लागते. नवीन चार बिया ८ ते १० तास भिजवा. टिशूपेपर ओला करून, पाणी टपकणार नाही इतपत पिळून पेल्यात कडेने लावा. काच आणि कागद यांच्यामध्ये तीन बिया खोचा, त्यातली एक उलटी. चौथी दुसऱ्या पेल्यात पाण्यात बुडवून ठेवा. तीन ते पाच दिवसांत मूळ फुटतं, आणि उलट्या बीचं मूळही वळून खालीच जातं. ते वळण बघताना मूल जे गप्प होतं, त्या क्षणी काही शिकवायला जाऊ नका.

प्रार्थना चालू राहू दे. तिचा प्रयोग मात्र करू नका. एका बीसाठी प्रार्थना आणि दुसरीसाठी नाही, अशी तुलना मांडली की श्रद्धाही बिघडते आणि प्रयोगही.

प्रश्न : इंद्रधनुष्य घरी दाखवता येईल?

उत्तर : हो. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून बारीक तुषार उडवा. डोक्याच्या सावलीपासून साधारण ४२ अंशांवर कमान दिसते. भर दुपारी मुलं वर बघत राहतात आणि हिरमुसतात. तेव्हा ती खाली, पायांच्या बाजूला असते.