दाखला तुमचा, बातमी अभिनेत्रीची

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहते व प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा जन्म 1981 चा, लग्न 2006 मध्ये झाले. मनोरंजनाच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाने दोन महिन्यांपूर्वी लिहिले की, मराठी मालिकांतील एका अभिनेत्रीचे 'खरे नाव' अमुक असून तिने गोव्यात गुपचूप लग्न केले होते आणि नवऱ्याला टाकून ती मुंबईला गेली. ते नाव माझे माहेरचे आहे आणि पुरावा म्हणून छापलेला विवाहनोंदीचा दाखलाही माझाच आहे. त्यावरील पतीच्या नावावर काळी पट्टी मारली आहे, पण माझ्या वडिलांचे नाव व गाव स्पष्ट वाचता येते. तक्रार केल्यावर उत्तर आले की, बातमी अभिनेत्रीबद्दल आहे, शिवाय तुमच्या आधार कार्डावर वेगळेच नाव आहे. आधारवर सासरी ठेवलेले नाव आहे हे खरे. जन्मनोंदीत तर आडनावाचे स्पेलिंगही जुन्या पोर्तुगीज वळणाचे आहे. पुतण्या म्हणतो, राजपत्रात देऊन नाव बदल आणि मोकळी हो. काय करावे?

उत्तर : भगिनी, तुमच्या पुतण्याचा सल्ला मी आधी घेतो, कारण त्यावर घाईने पाऊल टाकले तर पुढचे सगळे अवघड होईल. नाव बदलू नका. गोव्यात जन्मनोंद असलेल्यांच्या नावबदलासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु असा बदल पुढच्या काळापुरता असतो, 2006 च्या विवाहनोंदीत जे लिहिले गेले ते त्याने पुसले जात नाही. उलट, वाद ऐन भरात असताना नाव बदलले, तर समोरचा वकील नेमका तोच कागद हातात धरून विचारील की, लपवण्यासारखे काही नव्हते तर नाव कशाला बदलले.

संकेतस्थळाच्या उत्तरातला खरा डंख आधार कार्डाविषयीच्या वाक्यात आहे. बदनामीच्या दाव्यात वादीला पहिली गोष्ट सिद्ध करावी लागते ती अशी की, मजकूर आपल्याबद्दल आहे असे आपल्याला ओळखणाऱ्या समंजस माणसांना वाटले. इथे दाखला एका नावाचा आणि दावा दुसऱ्या नावाने, अशी स्थिती राहिली तर पहिल्याच पायरीवर अडखळायला होईल. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात, साखर वाटली जाते आणि त्या दिवसापासून सासरची सगळी माणसे तिला त्याच नावाने हाक मारू लागतात. पण ते ताट नागरी निबंधकाच्या टेबलापर्यंत कधी पोचत नाही. त्यामुळे नोंदवहीत तुम्ही माहेरच्या नावानेच राहिलात आणि आधारवर सासरच्या. आडनावाच्या स्पेलिंगचे तर गोव्यात नवल नाही. 'नाईक' शेवटी 'क्यू-यू-ई' घेऊन येतो, 'केणी' सुरूच 'क्यू'पासून होतो, आणि वडिलांच्या पोर्तुगीज अमदानीतील कागदावरून ते वळण मुलांच्या दाखल्यांत उतरते. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताची मिळकत वारसांत वाटण्याच्या, कामांत वारसांची नावे जुळवताना माझे निम्मे दिवस याच अक्षरांत जातात.

म्हणून नोटिशीआधी कागद एका सुतात आणा. जन्मनोंद, विवाहनोंद, शाळेच्या सेवापुस्तकातील नाव आणि आधार या चारही ठिकाणची रूपे जशीच्या तशी, एका अक्षराचाही फरक न करता उतरवून, ती सर्व एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करा. ते एकच करा व एकदाच करा. बँकेसाठी एक, शाळेसाठी दुसरे असे निरनिराळ्या शब्दांत केलेले कागद पुढे एकमेकांविरुद्ध बोलू लागतात. हे प्रतिज्ञापत्र तुमचे नाव बदलत नाही, फक्त ओळख जोडते, आणि तुम्हाला आत्ता तेवढेच हवे आहे. जन्मनोंदीत खरोखर लेखनिकाची चूक असेल तर जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 खाली समासात दुरुस्ती होऊ शकते. मात्र सासरचे नाव ही चूक नव्हे, त्यामुळे त्यासाठी या कलमाचा आधार घेऊ नका.

दोन नावांचा माणूस न्यायालयाला नवा नाही. रजनीकांत यांनी आपल्या नावाचा व प्रतिमेचा वापर एका चित्रपटात होऊ नये म्हणून मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 2015 च्या त्या निकालावर वादी म्हणून नाव आहे ते शिवाजीराव गायकवाड. तुमच्याच तालुक्यातील मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले आणि त्यांच्या थोरल्या मुलीचे जन्मनाव हेमा होते, हे आपण कौतुकाने सांगतो. पडद्यावरचे नाव घेणे म्हणजे फसवणूक, हा त्या बातमीचा सूरच मुळात चुकीचा आहे. तुमच्या दाव्याच्या मथळ्यातही माहेरचे नाव, मग 'ऊर्फ' आणि मग सासरचे नाव येईल.

आता "बातमी तुमच्याबद्दल नव्हतीच" या बचावाकडे वळतो. इंग्लंडमध्ये 1910 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने आर्टिमस जोन्स या बॅरिस्टरच्या बाजूने निकाल दिला. वृत्तपत्राने ते नाव काल्पनिक पात्र म्हणून वापरले होते, तरी लेखकाचा हेतू काय होता याला महत्त्व दिले गेले नाही. आपल्याकडे मात्र मद्रास उच्च न्यायालयाने 1972 मध्ये वेगळी भूमिका घेतली. अगरबत्तीच्या नावाखाली अफू सिलोनला पाठवणारा व्यापारी पकडला गेल्याची बातमी छापून आली आणि तिरुनेलवेलीच्या एका अगरबत्ती निर्यातदाराला लोक तो आरोपी समजू लागले. पण वृत्तपत्राला तो माणूस ठाऊकच नव्हता, खुलासाही छापला गेला होता, म्हणून अजाणता झालेल्या बदनामीसाठी प्रकाशकाला जबाबदार धरले गेले नाही. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर बंधनकारक नसला तरी समोरचा पक्ष तो पुढे करील, हे धरून चला.

तुमचे प्रकरण त्यापासून वेगळे पडते ते त्या काळ्या पट्टीमुळे. ज्याने पतीचे नाव झाकले त्याने तो दाखला ओळीओळीने वाचला होता. वडिलांचे नाव व गाव त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि अभिनेत्रीच्या वडिलांच्या नावाशी ते ताडून पाहण्यास पाच मिनिटे पुरली असती. शिवाय तुमची तक्रार पोचल्यानंतर अजाणतेपण संपले. त्यापुढे मजकूर ठेवला तो जाणून ठेवला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालील फौजदारी बदनामीतही हेतू, जाणीव किंवा तसे मानण्यास कारण असणे हाच कळीचा मुद्दा आहे.

विवाहनोंद सार्वजनिक दप्तर आहे, असेही ते म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल निकालात सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर खासगीपणाच्या हक्कातून वगळला आहे, हे खरे. पण नोंद जशी आहे तशी छापणे वेगळे आणि एकीची नोंद दुसरीच्या आयुष्याला चिकटवून "नवऱ्याला टाकले" म्हणणे वेगळे. ते वाक्य कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही.

मुदतीकडे लक्ष द्या. दिवाणी दाव्यासाठी प्रसिद्धीच्या तारखेपासून 1 वर्ष मिळते आणि त्यातले दोन महिने गेले आहेत. पान, पत्ता, तारीख व खालच्या प्रतिक्रिया दिसतील अशी चित्रे आजच काढून ठेवा. ती ज्या फोनवर वा संगणकावर काढली तो विकू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्याच उपकरणाविषयी द्यावे लागेल. नंतर वकिलामार्फत नोटीस पाठवा. सोबत विवाहनोंदीची प्रमाणित प्रत व प्रतिज्ञापत्र जोडा आणि मजकूर काढणे, खुलासा त्याच जागी व तितक्याच ठळकपणे छापणे, अशी मागणी करा. नुकसानभरपाईचा मोठा आकडा पहिल्याच नोटिशीत घालण्याचा मोह आवरा. खुलासा लवकर मिळणे हे शाळेच्या व्यवस्थापनापुढे तुमच्या अधिक उपयोगाचे आहे.

नोटिशीत अभिनेत्रीचे खरे नाव काय, यावर एक शब्दही लिहू नका. ते सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर नाही आणि चुकीचे लिहिलेत तर तिलाच तुमच्याविरुद्ध तक्रार मिळेल. त्याऐवजी तिच्या वकिलांना नोटिशीची प्रत पाठवून, हा दाखला आपला नाही एवढेच लेखी द्यावे अशी विनंती करता येईल. तिचेही त्यात हित असल्याने ती नकार देईल असे मला वाटत नाही, आणि तसे दोन ओळींचे पत्र हाती आले तर दावा दाखल करण्याची वेळच बहुधा येणार नाही.