चाळीस मिलिमीटरची प्लेट कापायची कशानं?

प्रश्न : आमचं कराड तालुक्यात गुऱ्हाळ आहे. चरकाचा एका बाजूचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) गाल, म्हणजे बाजूची प्लेट, गेल्या हंगामात तडकला. दुसराही जुनाच, म्हणून दोन्हीकडं ४० मिमी जाडीच्या, ६०० बाय ४५० मिमीच्या प्लेटा बसवायचं ठरवलंय. प्रत्येक प्लेटमध्ये बेअरिंगसाठी ११० मिमीची तीन भोकं आणि बोल्टसाठी २२ मिमीची सहा. एक जण लेझर म्हणतो, दुसरा प्लाझ्मा, पुतण्या वॉटरजेट सुचवतो, आणि गावातला वेल्डर म्हणतो गॅसवर हातानं कापून देतो. भंगारात एक जाड प्लेट स्वस्तात मिळतेय. ती चालेल का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : भाऊ, आधी त्या भंगारातल्या प्लेटचं बोलू, कारण कापायची पद्धत मालावर ठरते.

कुपवाड एमआयडीसीत माझी शेड चालू होऊन तिसरंच वर्ष होतं. एका गिऱ्हाईकानं स्वतःची ३६ मिमीची प्लेट आणून दिली, "एमएस आहे" म्हणाला, म्हणजे साधं, कमी कार्बनचं पोलाद (माइल्ड स्टील). आम्ही विश्वास ठेवला आणि गॅसवर कापली. संध्याकाळी टेम्पो दारात उभा होता, म्हणून पोरानं गरम प्लेटवर बादलीभर पाणी ओतलं आणि मी त्याला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी कडेलगत भोक पाडायला घेतलं तर ड्रिलची धार जळाली. कशीबशी भोकं पाडली तर आटे पाडताना एकामागून एक तीन टॅप मोडले. कडेवर कानस लावली, ती काचेवरून सरकावी तशी सरकली. प्लेट ईएन ८ निघाली. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. असं पोलाद लाल तापवून झटकन थंड केलं की कडक होतं. आम्ही नकळत पाणी पाजून बसलो होतो.

तुमच्या भंगारातल्या तुकड्यात काय आहे ते कुणी लिहून देणार नाही. फारच मोह झाला तर कोपऱ्याला ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर असतात, मध्ये फुटणाऱ्या थोड्या. कार्बन जास्त असेल तर चांदण्या फुटाव्यात तशा जागोजाग फुटतात. पण माझं ऐकाल तर आयएस २०६२, ई २५० ग्रेडची नवी प्लेट घ्या. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (ज्या ओतणीतून प्लेट बनली तिचा क्रमांक) प्लेटवरच्या नंबराशी ताडून बघा. वजनाचा हिशोब सोपा आहे : जाडी मिमीत घेऊन ७.८५ नं गुणली की एका चौरस मीटरचं वजन किलोत येतं. ४० मिमीला ३१४ किलो. तुमची एक प्लेट भोकं पाडण्याआधी साधारण ८५ किलो, म्हणजे दोन्ही मिळून १७० किलो.

आता कापणी. तुमच्या कामाला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवरचं गॅस कटिंग घ्या, ज्याला आपल्याकडं प्रोफाइल कटिंग म्हणतात. गॅसवर लोखंड जळतं, नुसतं वितळत नाही. ज्योतीनं जागा ९०० अंशांच्या आसपास तापवायची, लालभडक झाली की ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड पेटतं, जळताना स्वतःच उष्णता देतं आणि तिच्यावर खालचा थर पेटतो. म्हणून ४० मिमी जाडी गॅसला रोजचीच. तुमचा जुना बिडाचा गाल मात्र असा कापला नसता : बीड आधी वितळतं, नीट पेटत नाही. स्टेनलेसही साध्या गॅसनं कापत नाही.

लेझरची कड सुंदर येते, पण बहुतेक जॉब-शॉपमधला (बाहेरची कामं करून देणाऱ्या वर्कशॉपमधला) लेझर साधारण २०-२५ मिमीपर्यंतच नीट चालतो. मोठ्या ताकदीच्या मशिनवर ४० मिमी होईलही, पण ज्या कडा तुम्ही पुढं मशिनिंगला देणारच आहात त्यांच्या सफाईचे पैसे कशाला मोजायचे? प्लाझ्मा २५ मिमीच्या आत वेगवान आणि परवडणारा. ४० मिमी जाडीत कडेला उतार येतो, आणि मधून भोक फोडून सुरुवात करायची त्याची ताकद कडेकडून कापण्यापेक्षा कमी असते. पुतण्याचा वॉटरजेट चुकीचा नाही. सुमारे ४,००० बार दाबाचं पाणी आणि गार्नेटची वाळू, उष्णता अजिबात नाही, त्यामुळं कड कडक होत नाही. प्लेट स्टेनलेसची किंवा ईएन ८ ची असती तर मीही तेच सांगितलं असतं. एमएसला एवढं हळू आणि महाग काम नको.

गावातल्या वेल्डरला नाराज करू नका, पण हातानं ४० मिमी कापताना टॉर्च थोडी जरी कलली तरी वर आणि खाली सूतभर फरक पडतो. त्याच्याकडं रुळावर चालणारं पग मशिन असेल तर बाहेरच्या सरळ कडा तो कापू शकेल. गोल भोकं सीएनसीवरच.

ऑर्डर देताना ११० ची भोकं १०० चीच कापायला सांगा, म्हणजे बोअरिंगला (मशिनवर भोक नेमक्या मापाचं करायला) प्रत्येक बाजूनं ५ मिमी माल राहील आणि तापलेला थर निघून जाईल. खालची बैठकीची कड ५ मिमी जादा ठेवा. २२ मिमीची भोकं गॅसवर अजिबात पाडू नका. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक गॅसवर वाकडं आणि खडबडीत येतं. ती ड्रिलच करा. आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी कापायला सांगा, नाहीतर तुकडा सुटून हलतो. प्लेट आपोआप थंड होऊ द्या. दर कापाच्या लांबीवर आहे की वजनावर, आणि उरलेलं भंगार कुणाचं, हे आधीच विचारा.

माल ताब्यात घेताना कड डोळ्यांसमोर धरा. उभ्या, बारीक, सारख्या रेषा दिसल्या तर वेग बरोबर होता. रेषा खाली मागं वळलेल्या असतील तर घाई झालीय. वरची धार वितळून गोल झाली असेल तर ज्योत मोठी होती किंवा मशिन रेंगाळलं. खालच्या कडेला चिकटलेला जळका मळ छिन्नीच्या एका टोल्यात निघाला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही प्लेटांची बेअरिंगची भोकं एका रेषेत नसतील तर चरकाचे लाट (ऊस पिळणारे रोलर) अडकतील आणि बेअरिंग पहिल्याच हंगामात जातील. म्हणून आधी दोन्हींची खालची कड मिलिंगवर सपाट करून घ्या. मग प्रत्येकीचे दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ४५० ला बरोबर ७५० मिमी भरले पाहिजेत. ते जुळले की दोन्ही प्लेटा एकावर एक बोल्टनं आवळून एकाच सेटिंगमध्ये बोअर करायला द्या.